'हप्ता'चे 'हप्तम' कसे झाले?

फोंड्यात आम्ही चौघे एका पतसंस्थेसाठी वेब अ‍ॅप करत होतो. सभासद, खाते, कर्ज, हप्ता, थकबाकी. संस्थेतली माणसे जे शब्द बोलतात तेच कोडमध्ये ठेवले होते, फक्त रोमन अक्षरांत. एके सकाळी ब्राउझरने तक्रार केली : 'हप्तम' नावाचे मॉडेल, म्हणजे त्या प्रकारच्या नोंदीचा आराखडा, सापडत नाही. हा शब्द आमच्या कोडमध्ये कुठेच नव्हता. सर्व्हरवर नव्हता, डेटाबेसमध्येही नव्हता. डिचोलीहून येणारी आमची नवी सहकारी अर्धा दिवस तो शोधत होती. शेवटी तिने विचारले, "दादा, आपण लिहिलेच नाही ते नाव आले कुठून?"

तिला तेव्हा जे समजावले तेच इथे जरा सविस्तर लिहितो. प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही ते कळावे अशी इच्छा आहे, कारण नावांचा हा घोळ गोव्यात घरोघरी ओळखीचा आहे.

एंबर हे वेबसाठीचे एक जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क, म्हणजे अ‍ॅप बांधायचा तयार सांगाडा, २०११ सालचे. त्याच्या जोडीला एंबर डेटा नावाची लायब्ररी येते. सर्व्हरकडून आलेली माहिती ब्राउझरमध्ये नीट लावून ठेवणे हे तिचे काम. तिच्यातल्या कोठाराला स्टोअर म्हणतात. स्टोअरमध्ये प्रत्येक नोंदीची ओळख दोन गोष्टींवरून पटते. एक म्हणजे प्रकार, म्हणजे ती नोंद सभासदाची की कर्जाची की हप्त्याची. दुसरा म्हणजे क्रमांक. 'सभासद' आणि '१७' हे दोन्ही मिळून एक किल्ली होते आणि त्या किल्लीला एकच कप्पा उघडतो. सभासद १७ चा पत्ता एका पानावर बदलला की दुसऱ्या पानावरही बदललेला दिसतो, तो याच कारणाने. दोन्ही पाने एकाच कप्प्यात बघत असतात.

किल्लीत एका अक्षराचा फरक पडला तर कप्पा वेगळा. मग एकाच माणसाच्या दोन नोंदी तयार होतात, एकीवर जुना पत्ता आणि दुसरीवर नवा. प्रकाराचे नाव सगळीकडे एकसारखे असणे इतके महत्त्वाचे आहे ते यासाठी.

आता अडचण अशी, की एकच नाव लिहायच्या पद्धती अनेक. 'सभासद खाते' हे दोन शब्दांचे नाव घ्या. फाइलच्या नावात ते मध्ये आडवी रेघ घालून लिहितात. जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही शब्द जोडून दुसऱ्याचे पहिले अक्षर कॅपिटल करतात. क्लासचे नाव असेल तर दोन्ही शब्दांची पहिली अक्षरे कॅपिटल. रुबी किंवा पायथनमध्ये लिहिलेल्या सर्व्हरकडून तेच नाव मध्ये अंडरस्कोर घेऊन येते. आणि डेटाबेसच्या टेबलाचे नाव अनेकदा अनेकवचनी. यात कोणाचे काही चुकत नाही, प्रत्येक गावाची आपली रीत असते तसे हे आहे.

एंबर डेटाने यावर सोय काढली होती. तुम्ही नाव कोणत्याही पद्धतीने द्या, लायब्ररी ते आपल्या आवडत्या रूपात बसवून घेई. सगळी अक्षरे लहान, शब्दांमध्ये आडवी रेघ, आणि काही ठिकाणी अनेकवचनाचे एकवचन. यालाच नावाचे नॉर्मलायझेशन म्हणतात. हे सगळे न सांगता, न विचारता व्हायचे. सोय मोठी होती. नवीन माणसाला काही शिकावे लागत नसे, काहीही लिहिले तरी चालून जाई.

एकवचन करायचे नियम मात्र इंग्रजीचे होते. ते रुबी ऑन रेल्स या फ्रेमवर्कच्या परंपरेतून आलेले. तिथे टेबल अनेकवचनी आणि क्लास एकवचनी ठेवायची पद्धत आहे, म्हणून एकाचे दुसरे करणारी एक नियमावली लागते. शेवटी एस असेल तर तो काढा. शेवटी 'टी-ए' किंवा 'आय-ए' असेल तर 'ए' काढून 'यू-एम' लावा, म्हणजे 'डेटा'चे 'डेटम' आणि 'मीडिया'चे 'मीडियम'. लॅटिनमधून इंग्रजीत आलेल्या अशा अनेकवचनांसाठी हा नियम बरोबर आहे.

रोमन अक्षरांत 'हप्ता' लिहून बघा. शेवटी टी-ए.

आमचा सर्व्हर हप्त्याची नोंद 'हप्ता' याच प्रकारनावाने पाठवत होता. ब्राउझरमध्ये ती वाचणाऱ्या सिरियलायझर नावाच्या भागाने ते नाव नियमावलीतून काढले आणि 'हप्तम' केले. मग त्या नावाचे मॉडेल शोधले आणि ते अर्थातच नव्हते. आमचा दुसरा प्रकार होता 'दिवस', रोजच्या वसुलीचा हिशेब ठेवण्यासाठी. रोमनमध्ये त्याच्या शेवटी एस. तो काढला की उरतो 'दिवा'. मराठीत एका अक्षराने दिवसाचा दिवा होतो, हे यंत्राला कसे कळावे? लायब्ररीत बिघाड नव्हता. ती जे करायचे म्हणून लिहिली होती तेच करत होती. असा नियम लागतो हे आम्हालाच ठाऊक नव्हते.

नियमावलीत अपवादांचीही एक यादी आहे, ज्या शब्दांची रूपे बदलायची नाहीत त्यांची. तिच्यात इतर शब्दांबरोबर तांदूळ आणि मासे यांचे इंग्रजी शब्दही आहेत. शीतकडी खाणाऱ्या माणसाला ती यादी बघून बरे वाटते. त्या यादीत 'हप्ता' आणि 'दिवस' घातले की आमचे काम चालणार होते, आणि तसे केलेही. पण अपवाद घातल्यावर मला वाटले, की आपण आता प्रत्येक नव्या शब्दाला आधी इंग्रजी व्याकरणाची परवानगी मागणार का? 'पाणीपट्टी' रोमनमध्ये निभावते. 'खाता' निभावत नाही. 'रस' निभावत नाही. पुढच्या प्रकाराला नाव देणाऱ्याला हे सांगणार कोण?

आमच्या घरचा एक किस्सा इथे सांगतो, कारण या विषयात माझे मत त्यातूनच बनले आहे. आजोबांचे आडनाव नाईक. पोर्तुगीजमध्ये 'के' हे अक्षर जवळजवळ वापरत नाहीत, त्यामुळे पोर्तुगीज काळातल्या कागदांवर त्यांच्या आडनावाच्या शेवटी क्यू-यू-ई आहे. शाळेच्या दाखल्यावर ते साधे के लावून आले. पुढे जमिनीच्या कामासाठी ते एका कचेरीत गेले, तेव्हा तिथल्या कारकुनाने अर्जावरचे नाव बघितले, त्याला ते चुकीचे वाटले, आणि त्याने आपल्या समजुतीने मध्ये 'वाय' घालून 'नायक' असे नीट करून लिहिले. त्याने हे चांगल्या मनाने केले. आजोबांना त्याने सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे काही आहे असे त्याला वाटलेच नाही. पुढे जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर वारसांची नावे लावायची वेळ आली, तेव्हा हे तिघे एकच गृहस्थ आहेत असे प्रतिज्ञापत्र करावे लागले. बाबांच्या किती फेऱ्या झाल्या ते मी लहानपणी पाहिले आहे. कामतांचे कामोतीं, प्रभूंचे पोरोबो, अशा घरांत हीच गोष्ट वेगवेगळ्या आडनावांनी ऐकायला मिळते. पणजीचेच पाहा ना, पंजिम, पांजी, नोव्हा गोवा. गोव्यात नाव आणि आडनाव बदलण्यासाठी १९९० सालचा स्वतंत्र कायदा आहे. नाव बदलता येते, पण ज्याचे नाव त्याने मागितले तर, आणि नोंद करून.

कारकुनाने नाव सुधारले हा त्रासाचा अर्धा भाग. न सांगता सुधारले हा उरलेला अर्धा, आणि तोच जास्त जड. चूक त्याच दिवशी दिसली असती तर पाच मिनिटांत मिटली असती. ती दिसली तीस-चाळीस वर्षांनी, जेव्हा विचारायला ना कारकून होता ना आजोबा.

कोडमध्ये वर्षे लागत नाहीत, पण गोष्ट तीच. कोणी प्रकाराचे नाव कॅपिटल घालून लिहिले, कोणी आडवी रेघ घालून. लायब्ररी दोन्ही चालवून घेते. दोन वर्षांत एकाच प्रकल्पात एकच नाव तीन तऱ्हांनी पसरते. मग एक दिवस कोणी त्या नावाने सगळ्या फाइल्समध्ये शोध घेतो, एका तऱ्हेची सगळी ठिकाणे बदलतो, आणि बाकीच्या दोन तऱ्हा तशाच राहतात, कारण त्या शोधात येतच नाहीत.

एंबर डेटाच्या ५.३ आवृत्तीपासून ही सोय डेप्रिकेट झाली. डेप्रिकेट म्हणजे बंद नव्हे. सोय अजून चालते, पण ती जाणार आहे असा इशारा कोड चालवताना मिळतो. एंबरच्या जगात असा इशारा मोघम नसतो. प्रत्येकाला स्वतःचे नाव असते, तो कोणत्या आवृत्तीपासून लागू झाला ते लिहिलेले असते आणि कोणत्या आवृत्तीत ती गोष्ट काढून टाकणार तेही. नावांच्या बाबतीत ती आवृत्ती ६.० ठरवली गेली. 'अमुक नाव नेमक्या रूपात नाही, त्याऐवजी तमुक लिहा' असे तो स्पष्ट सांगतो. कारकून आता अर्ज परत देतो आणि म्हणतो, तुम्हीच दुरुस्त करून आणा.

पहिल्यांदा ऐकताना वाटते की लायब्ररी कडक झाली, आपले स्वातंत्र्य गेले. आमच्या सहकारीचीही तीच प्रतिक्रिया होती. मला मात्र यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नेमकी उलटी वाटते. लायब्ररी नावे सुधारत होती तोवर जगात एकच रूप खरे होते : लहान अक्षरे, आडवी रेघ, एकवचन. तुमचे नाव कसेही असो, शेवटी ते त्या साच्यात जायचे. तिने सुधारणे थांबवले की तुमचे नाव जसे आहे तसे राहू शकते. सर्व्हर अनेकवचनी नावे देतो? तीच ठेवा. अंडरस्कोर देतो? ठेवा. अट एकच, जे ठेवाल ते सगळीकडे तंतोतंत तेच असू द्या.

जेसन एपीआय या मानकाने हेच आधीपासून सांगितले आहे. सर्व्हर आणि ब्राउझर यांनी माहितीची देवाणघेवाण कोणत्या आकारात करावी ते सांगणारे हे मानक. त्याची पहिली पक्की आवृत्ती २०१५ च्या मे महिन्यातली, आणि मूळ मसुदा एंबर डेटाच्याच कामातून निघालेला. प्रकाराचे नाव एकवचनी असावे की अनेकवचनी, यात हे मानक पडत नाही. जे घ्याल ते सर्वत्र सारखे ठेवा, एवढेच ते म्हणते. त्याच्या स्वतःच्या उदाहरणांत नावे अनेकवचनी आहेत. म्हणजे मानकातले उदाहरण जसेच्या तसे घेणाऱ्याच्याही नावांना एंबर डेटाचा हात लागायचा.

ही सोय काढण्यामागे टाइपस्क्रिप्ट या जावास्क्रिप्टवर बेतलेल्या भाषेचे कारणही मोठे आहे, पण ते थोडक्यात सांगून पुढे जातो. टाइपस्क्रिप्ट कोड चालवायच्या आधीच तपासते. 'हप्ता' मागितला तर हप्त्याचीच नोंद मिळेल हे तिला अक्षरांवरून ओळखता यायला हवे. चालताना मध्येच नाव बदलणार असेल, तर आधी तपासणाऱ्याला ते कळणार कसे? शिवाय हजार नोंदी आल्या की हजार वेळा नाव तपासायचे, हे काम आणि ती नियमावली दोन्ही अ‍ॅप वापरणाऱ्याच्या फोनवर जातात. एकदा बदललेले नाव लक्षात ठेवायची युक्ती लायब्ररीत आहे, तरी बघायला तर जावेच लागते.

नावाच्या जोडीला क्रमांकाचीही तीच गोष्ट झाली. क्रमांक संख्या म्हणून दिला तरी लायब्ररी त्याची अक्षरमाळ, म्हणजे स्ट्रिंग, करून घेत असे. ५.३ पासून त्यालाही इशारा आहे. क्रमांक स्ट्रिंग म्हणूनच द्या. हे वरवर किरकोळ वाटते, पतसंस्थेत मात्र तसे नाही. आमच्या संस्थेची जुनी खाती '००४२' अशी आहेत. संगणकाने ते संख्या म्हणून वाचले की होते ४२, आणि त्या ४२ ची पुन्हा स्ट्रिंग केली तरी पुढची दोन शून्ये परत येत नाहीत. सभासदाच्या पासबुकावर मात्र ती आहेत. फार लांब क्रमांकांचे आणखी वेगळे. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढच्या पूर्ण संख्या अचूक राहतीलच असे नाही, शेवटचा अंक गुपचूप बदलू शकतो. खाते क्रमांक दिसतो अंकांचा, पण त्याची कोणी बेरीज करत नाही. तो नावच आहे.

याचा अर्थ नॉर्मलायझेशन सगळीकडे वाईट असा मी लावत नाही. मराठीचेच उदाहरण देतो. 'वाऱ्यावर' या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या मानकात, दोन प्रकारे लिहिता येतो, एक स्वतंत्र चिन्ह म्हणून किंवा साधा र आणि त्याला नुक्ता. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. ते एकरूप केलेच पाहिजेत, नाहीतर डोळ्यांसमोर असलेला शब्द शोधात सापडणार नाही. पण तिथे काय कशासारखे मानायचे हे मानकाने जाहीर लिहून ठेवले आहे. कोणाच्या व्याकरणाचा अंदाज त्यात नाही.

शोधाचे तसेच. काउंटरवरच्या ताईंनी 'नाईक' टाइप केले तर क्यू-यू-ई वाले, के वाले आणि 'नायक'ही समोर यायला हवेत. तिथे जेवढी सैल जुळणी करता येईल तेवढी करावी, त्यात सभासदाचे भले आहे. आम्ही शोधासाठी नावाचे एक वेगळे, सोपे केलेले रूप बाजूला ठेवतो आणि कागदावरच्या नावाला हात लावत नाही. शोधात दहा जास्त नावे आली तर ताई नजरेने निवडतात. ओळखीची किल्ली सैल झाली तर निवडायला मध्ये कोणी माणूस नसतो. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, आणि बहुतेक भांडणे तो न पाळल्यामुळे होतात.

१९८० साली जॉन पोस्टेल यांनी इंटरनेटच्या एका मूळ दस्तऐवजात सल्ला दिला होता, की आपण पाठवताना काटेकोर राहा आणि दुसऱ्याचे घेताना उदार व्हा. त्या काळी जगभरचे अनोळखी संगणक एकमेकांशी बोलायला शिकत होते, त्यांना त्याचा आधार झाला. पण एकाच प्रकल्पात, एकाच टेबलाशी बसणाऱ्या चौघांनी लिहिलेल्या कोडला ती उदारता कशाला हवी? चूक करणारा शेजारीच बसला आहे, त्याला सांगता येते.

आता प्रत्यक्ष कामाचे. आवृत्ती बदलली आणि पहिल्याच दिवशी ब्राउझरचे कन्सोल, म्हणजे प्रोग्रामरला संदेश दिसतात ती जागा, इशाऱ्यांनी भरून गेले. सगळे एकदम दुरुस्त करायला बसायचे नाही हे आधीच ठरवले. डेप्रिकेशन वर्कफ्लो नावाचे एक अ‍ॅडऑन आहे, त्यात प्रत्येक इशाऱ्याबद्दल सांगता येते : गप्प ठेव, नोंद कर, किंवा थेट चूक म्हणून थांबव. आधी सगळे गप्प केले, मग नावांचा इशारा नोंदीवर आणला, आणि एकेक विभाग घेत गेलो. सभासद, मग कर्ज, मग वसुली. इशारे पूर्ण संपले की तो चूक म्हणून थांबवायला लावायचा, म्हणजे घाईत कोणी पुन्हा जुन्या तऱ्हेने लिहिले तर काम तिथेच अडेल. हे इशारे फक्त विकासाच्या वेळी दिसतात, प्रत्यक्ष वापरातल्या अ‍ॅपमध्ये नाही. त्यामुळे टेस्ट चालवल्याशिवाय काही पाने तपासली गेली असे समजू नये.

कोडमध्ये थेट लिहिलेली नावे सोपी गेली, शोधून बदलली. त्रास दिला तो चालताना तयार होणाऱ्या नावांनी. पत्त्यातून उचललेला तुकडा, सर्व्हरने पाठवलेला प्रकार, दोन शब्द जोडून बनवलेले नाव. ती कोणत्याही शोधात सापडत नाहीत. तिथे आम्ही दारातच एक छोटे फलन, म्हणजे फंक्शन, ठेवले. बाहेरून आलेले नाव आमच्या यादीत आहे का ते ते बघते, आणि नसेल तर मोठ्याने थांबते. सिरियलायझरचा भागही वेगळा सांभाळावा लागला. जुन्या पद्धतीचा सिरियलायझर वापरत असाल तर आलेल्या प्रकारनावाचे एकवचन तो स्वतः करतो. ते करणारे फलन आपल्याला हवे तसे लिहिता येते. आमचे आता आलेले नाव आहे तसे परत देते, एका ओळीचे आहे.

ती ओळ त्या डिचोलीच्या मुलीने लिहिली, आणि त्याच दिवशी अपवादांच्या यादीतून 'हप्ता' आणि 'दिवस' काढून टाकले. इशाऱ्यांपैकी दोन अजून शिल्लक आहेत, दोन्ही जुन्या छापील पावतीच्या पानावरचे. त्या पानाचा कोड ज्याने लिहिला तो आता आमच्याकडे नाही. तिथे प्रकाराचे नाव तीन ठिकाणांहून तुकडे गोळा करून बनते. सोमवारी त्याच्यावर बसणार आहोत.